मुक्या सिनेमातली माझी वाक्यं

टॉकीजच्या लेडीज क्लासच्या दारात बॅटरी घेऊन उभी असलेली बाई तुम्ही पाहिली असेल, पण तिचा चेहरा तुम्हाला आठवणार नाही. तिच्या हातातल्या उजेडाकडे आणि आपल्या पायांकडे बघत तुम्ही आत गेलेले असता. भिवंडीतल्या एका टॉकीजमध्ये ती बाई मी होते. टॉकीज आता नाही, तेव्हा नाव घेऊन उपयोग नाही.

कोन गावाला, माहेरी, मी हे काम कधी सांगितलं नाही. "कामाला कुठं हाय गं तू?" असं आत्यानं विचारलं की "ऑफिसात" म्हणायचे आणि ताटात भाजी वाढायला लागायचे. लाज वाटायची, आणि ती उगाच नव्हती. दोन हजार सालानंतर आमच्या टॉकीजला नवे सिनेमे मिळेनासे झाले. लोक ठाण्या-कल्याणला जायला लागले, उरलेल्यांना गल्लीत सीडी मिळायची. मग सकाळच्या शोला भलतेसलते सिनेमे लागू लागले. त्या शोला लेडीज क्लास बंद असे आणि माझी ड्युटी बारानंतर सुरू होई, पण पोस्टर दिवसभर तिथंच. त्याच्या खालून मी रोज मान खाली घालून, पदर आवळून आत शिरायचे. एकदा भाजीवाल्या मावशीनं हाक मारली, "अगं सुमन, इकडं कुठं?" मी म्हटलं, "पलीकडच्या दवाखान्यात." ती म्हणाली, "दवाखाना तर हलला की." मी चालायला लागले.

कामात मात्र मी पक्की होते. बॅटरी धरायचीही एक रीत असते. उजेड माणसाच्या पुढे एक पाऊल, जमिनीवर टाकायचा. काचेवर दोन बोटं धरायची, म्हणजे उजेड मंद लाल पडतो आणि बसलेल्यांच्या डोळ्यांत जात नाही. खुर्ची मोडकी आहे का, खाली कुणी थुंकलंय का, हे आधीच माहीत असावं लागतं. बाया मारामारी लागली की बाहेर जातात आणि गाण्याला परत येतात, पुरुषांचं उलटं. बाकी माझा सिनेमा नेहमी तुकड्यांत. उशिरा येणाऱ्यांना बसवता बसवता सुरुवात जायची आणि शेवटाला दारं उघडायला जावं लागायचं. कोण कुणाची बहीण होती आणि खून का झाला, हे मला बायांनाच विचारावं लागे.

लेडीज क्लासात येणारी प्रत्येक बाई सिनेमा बघायला येते असंही नाही. एक बाई दर आठवड्याला यायची आणि सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत झोपी जायची. तिच्या घराला लागून कापडाचे लूम होते, भिंतही थरथरायची. मला सांगून ठेवायची, "ताई, नळाला पाणी यायच्या आधी उठवा हां." मी उठवायचे. एकदा एक सासू सुनेला शोधत आली. "माझी सून आत हाय, बॅटरी मारून दाखव." सून आतच होती, कोपऱ्यात, आणि कुणाबरोबर नव्हती, एकटीच रडत बसलेली. मी म्हटलं, "तिकीट काढा, आत बसा, मग शोधा." सासूनं तिकिटाचा दर विचारला आणि ती निघून गेली. त्या सुनेनं नंतर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण ते काम मी चांगलं केलं असं मला अजून वाटतं.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येते. माझे यजमान वसंत यांचा माईकचा धंदा होता. रिक्षाला दोन भोंगे बांधून ते गावभर फिरायचे. टॉकीजला कुठला सिनेमा लागलाय, उद्या पाणी येणार नाही, कुठे साड्यांचा सेल आहे, कुणाचं पोर हरवलंय, सगळं त्यांच्या आवाजात लोकांना कळायचं. संध्याकाळी आसपासच्या गावांत लग्नाच्या हळदी असत. आमच्याकडच्या हळदी म्हणजे मोठा थाट. कोण पाहुणा आला, कुणी काय आहेर केला, ते माईकवर पुकारायचं आणि मधेमधे लोकांना हसवायचं. नवरा-बायकोच्या गमती सांगण्यात यांचा हात कुणी धरू शकत नसे. कशेळीपासून कोनपर्यंत लोक त्यांना लांबून हाक मारायचे.

घरी आले की ते मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायचे आणि पेपर उघडायचे. "घसा राखायला हवा," एवढंच म्हणायचे. लग्न झालं तेव्हा असं नव्हतं. तेव्हा रिक्षात मी शेजारी बसायचे आणि पुढे काय बोलायचं ते दोघं मिळून ठरवायचो. मग मला टॉकीजचं काम लागलं, त्यांच्या हळदी वाढल्या, मुलगी शिकायला कल्याणला मावशीकडे गेली. भांडण असं कधी झालंच नाही. मी बोलायचे, ते पेपर वाचायचे. आपलं बोलणं त्यांच्या कानात शिरत नाही अशी माझी समजूत होती, म्हणून मनात येईल ते बोलायचे. त्या समजुतीचा मला जरा आधारही होता.

एका वर्षी कॉलेजच्या वैद्य मॅडम आमच्या मॅनेजरकडे, इस्माईलभाईंकडे, आल्या. त्या मुलांसाठी जुने सिनेमे दाखवायच्या. त्यांना परदेशातला एक मुका सिनेमा मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता. इस्माईलभाईंनी सकाळचा शो फुकट दिला. ते म्हणाले, "एक दिन तो इस हॉल में शरीफ पिक्चर चले." मुक्या सिनेमात बोलणं पाट्यांवर लिहिलेलं असतं आणि या पाट्या इंग्रजीत होत्या. मॅडमनी त्यांचं मराठी करून कागद तयार केला. तो पडद्याशेजारी उभं राहून वाचायला माणूस हवा होता. इस्माईलभाईंनी लगेच यांचं नाव सांगितलं.

मला फार बरं वाटलं. यांनी रिक्षावरून जाहिरात केली होती, "फुकट, सहकुटुंब, लेडीज क्लास चालू." मी चांगली साडी नेसले. आमच्या गल्लीतल्या बायांना मी स्वतः आग्रह केला. शेजारची नंदा म्हणाली, "तुमच्या टॉकीजला सकाळचं यायचं म्हणजे कसंतरीच वाटतं." मी म्हटलं, "आज तसं काही नाही. आज कॉलेजचं आहे."

त्या दिवशी लोडशेडिंग होतं. लूम बंद पडले की हजारो माणसं रिकामी होतात आणि आमच्या टॉकीजला जनरेटर होता. कॉलेजची मुलं पुढच्या दोन रांगांत मावली. बाकीचा हॉल कामगारांनी भरला. पंख्याची हवा आणि फुकटचा पडदा, कोण सोडणार? लेडीज क्लासही भरला. इतक्या वर्षांत सकाळच्या शोला मी तिथे पहिल्यांदाच बाया बसवल्या.

सिनेमा साधा होता. एक माणूस आणि त्याची बायको मिळून टोप्यांचं दुकान काढतात. बायको टोप्या शिवते, तो विकतो. दुकान वाढतं, मोठ्या रस्त्यावर जातं, शिवायला मुली येतात. तो बायकोला म्हणतो, आता तू घरी आराम कर. ती घरी बसते. तो उशिरा येतो. दुसरी बाई नाही, दारू नाही, मारझोड नाही. दोघं नुसती लांब जातात.

सुरुवातीच्या थोड्या पाट्या बऱ्या वाचून झाल्या. मग मागून शिट्ट्या सुरू झाल्या. "आवाज कहाँ है?" "फाइट कब है?" कुणीतरी चपला आपटल्या. मी दारातून यांच्याकडे बघत होते. छोट्या दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसायचा. त्यांनी कागद बाजूला ठेवला. मी ओळखलं, आता हे हळदीतलं काहीतरी सुरू करणार.

पडद्यावर ती गोरी बाई जेवणाच्या टेबलाशी वाट बघत होती. नवरा आला, कोट काढून खुर्चीवर टाकला. यांनी बाईचा आवाज काढला, "आलात? जेवण झाकून ठेवलंय. मला पण झाकून ठेवा एकदाचं."

हॉल हशानं फुटला. लोकांनी त्याचा भलताच अर्थ घेतला. मीही क्षणभर हसले असेन. मग माझ्या ध्यानात आलं. हे वाक्य माझं होतं. उन्हाळ्यात एकदा ताटावर ताट ठेवताना मी बोलले होते, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

पुढे ती बाई नवी टोपी घालून नवऱ्यासमोर उभी राहिली आणि तो पेपर वाचत राहिला. यांनी सूर लावला, "तुमच्यापेक्षा भिंतीवरची पाल बरी. मी काही बोलले की चुकचुक तरी करते."

आता हिंदीवाल्यांना शेजारचे मराठीवाले समजावून सांगू लागले आणि हसणं एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाऊ लागलं. लेडीज क्लासात नंदा वळली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. आमची भिंत एकच. तिनं ते माझ्या तोंडून ऐकलेलं होतं. तिनं शेजारणीच्या कानात काही सांगितलं, मग तीही वळली. माझ्या हातात बॅटरी पेटलेली होती, ती मी विझवली. अंधारात मी दिसणार नाही असं वाटलं. पण पडद्याचा उजेड असतोच.

मग ती बाई आजारी पडते, पलंगावर असते. मी मनात म्हटलं, ते नको. आणि तेच आलं. "मी मेले तर तुम्हाला चार दिवसांनी कळेल. तेही हंडे रिकामे दिसले म्हणून."

टायफॉईड झाला होता तेव्हा मी हे म्हणाले होते. ताप उतरत नव्हता आणि मी खरंच मरेन असं मला वाटलेलं. त्या वाक्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. लूमवाले खुर्च्या बडवत होते. कॉलेजची मुलं हसत होती, वैद्य मॅडमही तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. मी काही चुकीचं केलं नव्हतं, पण लाज मलाच वाटत होती. गर्दीत आपली साडी सुटावी आणि सोडणाऱ्याला त्याचा पत्ताच नसावा, तसं. तेवढ्यात एक म्हातारी उशिरा आली. मी तिला बसवलं. बॅटरी पेटवली, पण काचेवर बोटं धरायचं विसरले.

इंटरव्हलला मी सोडावाल्याच्या मागे त्यांना गाठलं. ते घाम पुसत होते. चेहरा फुललेला.

"जमलं ना?" ते म्हणाले. "इस्माईलभाई म्हणतायत, दर महिन्याला करू."

"ते पालीचं कुठून आणलंत?"

"कुठून म्हणजे? सुचलं."

"आणि हंड्यांचं?"

"तेही. उभ्या उभ्या सुचलं बघ."

"ते मी बोलले आहे. टायफॉईड झाला तेव्हा. तुम्ही खुर्चीत पेपर घेऊन बसला होतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. खोटं बोलणारा माणूस मला कळतो, तिकीट न काढता आत शिरणारे मी रोज बघायचे. हे खोटं बोलत नव्हते.

"तू बोललेलीस?" ते म्हणाले. "मला वाटलं माझंच आहे."

"झाकून ठेवायचंही माझंच."

"तेही?"

घंटा वाजली. ते आणखी काही बोलणार होते की नाही, कुणास ठाऊक. लोकांनी त्यांना पाठीवर थापा मारत आत नेलं.

दुसरा भाग सुरू झाला आणि यांनी कागद हातात घेतला. पाटी आली की कागदावरचं तेवढं वाचायचं, बस. आवाजही माईकचा नव्हता, घरातला होता. लोकांनी थोडी वाट बघितली. मग ओरडा सुरू झाला. "अरे क्या हुआ?" "बाईचा आवाज काढ ना." "घरवालीने डाँटा क्या?" यावर मोठा हशा झाला. कुणीतरी शेंगदाण्याच्या पुड्या त्यांच्या अंगावर फेकल्या. इस्माईलभाई बाजूच्या दारातून हातवारे करत होते. हे कागदातून डोकं वर काढत नव्हते. ज्या माणसाला ऐकायला लोक मांडवात खुर्च्या पुढे ओढायचे, त्याची मी डोळ्यांदेखत फजिती बघत होते. मला वाटलं होतं, त्यांची जिरली तर बरं वाटेल. तसं काही झालं नाही. आपल्या नवऱ्यावर लोक पुड्या फेकतायत आणि आपण दारात उभ्या आहोत, याची वेगळी लाज असते. आधीची गेली नव्हती, त्यावर ही आली. इंटरव्हलला बोलायला नको होतं, घरी गेल्यावर बोलता आलं असतं, असंही वाटून गेलं.

अर्धा हॉल उठून गेला. मग ओरडायला कुणी उरलं नाही. लेडीज क्लासातल्या बाया मात्र बसून होत्या. मी पहिल्यांदाच माझ्या क्लासात खुर्चीवर बसले आणि शेवट बघितला. ती बायको एक दिवस चांगले कपडे करून दुकानात जाते, गिऱ्हाइकासारखी. नवरा काउंटरवर असतो. तो मान वर न करता विचारतो. यांनी वाचलं, "बाईसाहेबांना कोणता रंग हवा?" ती बोट दाखवते. तो टोपी बांधून देतो. ती घेऊन निघून जाते. दार हलतं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. संपलं. नंदा पदरानं डोळे पुसत होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही, आणि तेवढं तिनं बरं केलं.

पण गल्ली ती गल्ली. दुसऱ्या दिवसापासून नळावर पालीचं वाक्य फिरू लागलं. कुणाचा नवरा बोलत नाही असा विषय निघाला की "पाल बरी गं" म्हणून बाया हसायच्या आणि मी आले की गप्प व्हायच्या. त्या गप्प झाल्या की मला जास्त टोचायचं. पोरं माझ्यामागे चुकचुक करायची. मी पाणी भरायला सगळ्यात शेवटी जाऊ लागले.

काही महिन्यांनी कोनलाच, माझ्या चुलतभावाकडे, हळद होती. माईकवर हेच होते. टॉकीजमधली गंमत तिथवर पोचलेली होती. नवरदेवाचा मामा मांडवातून म्हणाला, "वसंतदादा, ते पालीचं सांगा की."

हे म्हणाले, "ते नको. दुसरं सांगतो."

"न्हाय न्हाय, तेच पायजे."

"ते माझं न्हाय," हे माईकवर म्हणाले.

"मंग कुनाचं हाय?"

सगळा मांडव ऐकत होता. माझी आत्या शेजारी बसलेली. यांनी बायांच्या घोळक्यात मला शोधलं, आमची नजरानजर झाली. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी पुढच्या पाहुण्याचं नाव पुकारलं. मामा रागावला. पुढच्या मोसमात त्या घरचं काम दुसऱ्याला गेलं.

घरी आल्यावर त्यांनी गुळण्या केल्या, पण पेपर उघडला नाही. हळदीसाठी काहीतरी नवीन जुळवत बसले होते. मला म्हणाले, "नवरी रुसते आणि दळणाचा डबा नवऱ्याच्या डोक्यावर ठेवते, हे तू बोललेलीस का कधी?"

ते मीच बोलले होते.

"नाही," मी म्हटलं. "तुमचंच आहे."

"नक्की?"

"नक्की."

तरी त्यांनी ते वापरलं नाही. माझा शब्द त्यांना पटला नसावा. हळूहळू त्यांच्या हळदीतल्या गमती कमी झाल्या. काहीही सुचलं की ते आपलं की हिचं, असा त्यांना प्रश्न पडायचा. मग डीजे आले आणि तसंही माईकवाल्याची गरज संपली, पण त्याच्या आधीच ते थांबले होते हे मला माहीत आहे. घरी ते माझ्याशी बोलू लागले, पण कसं, तर पाहुण्यानं बोलावं तसं. आमटी चांगली झाली, तुझी साडी छान आहे, दमलीस का. रोज, न चुकता. आणि मी बोलताना अडखळू लागले. पूर्वी भिंतीशी बोलल्यासारखं मोकळं बोलायचे. आता समोर कुणीतरी ऐकतंय, हे मला कळत होतं. ऐकावं म्हणून इतकी वर्षं धडपडले आणि ऐकायला लागल्यावर माझ्याकडे शब्दच उरले नाहीत. सिनेमातली ती दोघं अशीच लांब गेली असतील का, एकमेकांना जपत?

पुढे टॉकीज बंद झालं. इस्माईलभाई गावी गेले. मी जवळच्या पूर्णा गावात एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागले. तिथे भरपूर उजेड असतो आणि कुणी कुणाला वाट दाखवत नाही. हेही पुढे तिथेच सुपरवायझरच्या हाताखाली लागले. एकाच टेम्पोतून जायचो. माणसं म्हणायची, काय जोडी आहे. आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसायचो.

या अंकासाठी टॉकीजमधल्या कामाबद्दल लिहा, असं मला संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी बॅटरीबद्दल आणि झोपणाऱ्या बाईबद्दल लिहायला बसले होते. लिहिता लिहिता हे आलं. छापायला देण्याआधी यांना न विचारता देणं बरं नव्हतं, म्हणून परवा दुपारी त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते झाकून ठेवायचं वाक्य आलं. तिथे थांबले, पाणी प्याले, पुढे वाचलं.

वाचून झाल्यावर मी म्हटलं, "नावं बदलते मी. लोक अजून ओळखतात तुम्हाला."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतले.

"माझं खरं नाव घातलंयस?"

"घातलंय."

"मग असू दे," ते म्हणाले. "आणि तुझंही असू दे. कुणाचं होतं ते कळू दे लोकांना."